पट्ट्याची थरथर: स्पायडरच्या डँपरच्या नोंदी, एप्रिल ते ऑक्टोबर २०२५

गाडी: २०१६ ची कॅन-ॲम स्पायडर एफ-थ्री. पुढे दोन चाकं, मागे एक. इंजिन रोटॅक्सचं १३३० सीसी, तीन सिलिंडर ओळीत. माझी मॅन्युअल, सहा गिअरची. मागच्या चाकापर्यंत ताकद जाते ती दातेरी पट्ट्यानं, साखळी नाही. याच कंपनीच्या रायकरमध्ये पट्ट्याऐवजी शाफ्ट आहे, त्यामुळे या नोंदी रायकरवाल्यांच्या कामाच्या नाहीत. मी राहतो किचनरला, ऑन्टॅरिओत. गाडी २०२२ मध्ये जुनी घेतली तेव्हाच आधीच्या मालकानं पट्ट्याची थरथर कमी करायला पट्ट्याखाली बाहेरून घेतलेला डँपर बसवलेला होता. म्हणजे स्प्रिंगवर झुलणाऱ्या हाताच्या टोकाला एक रोलर, पट्ट्याच्या पाठीला खालून टेकलेला.

१२ एप्रिल, शनिवार. ४८,२१० किमी

हिवाळ्यानंतर पहिल्यांदा गाडी बाहेर काढली. गल्लीच्या टोकापर्यंत जाईतोच खालून कुईं-कुईं. क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली तरी आवाज तसाच, म्हणजे इंजिन नाही. वेगाबरोबर आवाजाची पट्टी चढत जाते. डँपरचं बेअरिंग असणार असं वाटलं आणि तेच निघालं.

डँपर काढून टेबलावर ठेवला. रोलर नायलॉनचा, ६० मिमी व्यासाचा. पट्टा जिथे घासतो तिथे जवळजवळ दीड मिमीची खाच. आत एकच बेअरिंग, ६२०२, म्हणजे १५ मिमी भोक, ३५ मिमी बाहेरचा व्यास, ११ मिमी जाडी. बोटावर फिरवलं तर वाळू भरल्यासारखं खरखरतं. रबरी सील वरून शाबूत, पण टोचणीनं उचलून पाहिलं तर आतलं ग्रीस चहात दूध घातल्यासारखं झालेलं. पाणी शिरलंय. ही चूक माझी. ऑक्टोबरमध्ये गाडी झाकून ठेवण्याआधी प्रेशर वॉशरनं मागचं चाक धुतलं होतं आणि नोझल थेट तिथेच धरलं होतं. सील उडणारं पाणी अडवतो, दाबानं मारलेलं पाणी अडवत नाही.

आणखी एक गोष्ट दिसली. नायलॉनमधली बेअरिंगची बसण सैल झाली होती. बेअरिंग अंगठ्यानं ढकललं तर बाहेर आलं. प्लास्टिक तापलं की लोखंडापेक्षा कितीतरी जास्त फुगतं, आणि नायलॉन वर पाणीही पितं. सैल बसणीत बेअरिंगची बाहेरची कडीच फिरायला लागते आणि भोक मोठं करत जाते.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी दादाला फोन. आमच्या सांगलीकडच्या गावात त्याची पिठाची गिरणी आहे, वडिलांच्या वेळची. पट्ट्यांशी चाळीस वर्षं त्याचं नातं आहे. मी नवीन बेअरिंग, नवीन रोलर, कुठून मागवायचं वगैरे सांगत होतो. त्यानं मध्येच तोडलं.

"आरं, त्यो टेकू कशाला लावलाय?"

"पट्टा थरथरतो म्हणून. शंभरच्या पुढं पाय बधिर होतात."

"आन् टेकू नसताना किती थरथरतोय ते बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. तीन वर्षांत एकदाही नाही.

"मग आदी त्यो काढ, पुल्या एका रेषेत हायत का बघ, ताण बघ. पट्टा नाचतोय म्हंजे काय तरी वाकडं आसतंय. टेकू सगळ्यात शेवटी."

२० एप्रिल, रविवार

डँपरशिवाय चक्कर मारली. ४०१ हायवेवर ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा, ऑन्टॅरिओत काही टप्प्यांवर आता ११०, आणि नेमका याच वेगांना त्रास. सहाव्या गिअरला, सरळ सपाट रस्त्यावर:

९५ पर्यंत शांत. ९८ ला फूटपेगमध्ये, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यात, झिणझिण्या सुरू. १०३ ते १०८ मध्ये सगळ्यात जास्त, आरशात मागच्या ट्रकच्या दिव्यांच्या जोड्या दिसायला लागतात. ११२ च्या पुढे पुन्हा कमी. थ्रॉटल सोडला की क्षणात थांबते, थोडा दिला की परत येते.

ही शेवटची ओळ महत्त्वाची आहे. टायरचा तोल बिघडलेला असता तर थ्रॉटल सोडल्यावर थरथर अशी झटक्यात गेली नसती. वेग तोच, चाक तेच. बदलतो फक्त पट्ट्यावरचा ताण.

२६ एप्रिल, शनिवार. पुल्यांची रेषा आणि ताण

गाडीचं मागचं चाक जॅकवर उचललं. नवीन माणसासाठी एक सूचना: स्पायडरचा पार्किंग ब्रेक मागच्या चाकावर काम करतो. मागचं चाक हवेत गेलं की त्या ब्रेकचा उपयोग शून्य. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावू नये. आणि चाक फिरवायचं ते हातानं, इंजिन बंद ठेवून. पट्टा आणि मागची दातेरी पुली यांच्यामध्ये बोट गेलं तर ते परत मिळत नाही.

मागच्या पुलीला आतल्या बाजूनं कड आहे. पट्टा त्या कडेला जवळ असावा, पण चिकटून नसावा. मधून प्रकाशाची बारीक रेघ दिसली पाहिजे. माझा पट्टा कडेवर दाबून चालत होता. कडेला काळी पूड साचलेली, पट्ट्याची बाजू काचेसारखी चकचकीत. ॲक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर पाव-पाव फेऱ्यांनी फिरवत बसलो. इथे घाई चालत नाही. एक बाजू ओढली की रेषा बदलते आणि ताणही बदलतो. ताण ठीक केला की रेषा परत हलते. चाक पुढे दहा फेरे, मागे दहा फेरे, मग बघायचं. असं सहा वेळा. शेवटी नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळला आणि परत बघितलं, कारण आवळतानासुद्धा ॲक्सल केसभर सरकतो.

ताण मोजायला फोन वापरला. पट्ट्याच्या मोकळ्या भागाला बोटानं तार छेडल्यासारखी टिचकी मारायची, मायक्रोफोन जवळ धरायचा, सूर मोजणारं ॲप हर्ट्झमध्ये आकडा देतं. आधी ५४ येत होता. कामानंतर ६५. दर वेळी गाडी थंड असतानाच मोजतो. तापल्यावर स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा झुलता हात, वाढतो, पट्ट्यातले कार्बनचे धागे जवळजवळ वाढत नाहीत, म्हणून गरम गाडीचा आकडा खोटा चढा येतो.

जास्त आवळण्याचा मोह होतो, तो टाळावा. तो सगळा भार गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो, आणि ते बदलायचं म्हणजे इंजिन उघडायचं.

संध्याकाळी चक्कर. डँपर अजून टेबलावरच. थरथर १०१ ते १०७ एवढीच उरली आणि जोर अर्ध्यावर आला. आरशात ट्रकचे दिवे पुन्हा दोनच. दादाला रात्री कळवलं. तिकडे पहाट होती, तो उठलेलाच होता. "मंग?" एवढंच म्हणाला.

४ मे, रविवार. हिशोब

उरलेली थरथर कुठून येते हे समजल्याशिवाय नवीन डँपर बनवायचा नाही असं ठरवलं होतं. दिवसभर कागद घेऊन बसलो.

मागचा टायर २२५/५०-१५. व्यास सुमारे ६०६ मिमी, घेर १.९ मीटर. १०५ च्या वेगाला चाक सेकंदाला १५.३ फेरे घेतं. दात मोजून पाहिले. माझ्या गाडीवर पुढची पुली मागच्याच्या सुमारे २.८ पट फिरते. म्हणजे पुढच्या पुलीचे सेकंदाला ४३ फेरे. कुठलीही पुली अगदी शंभर टक्के गोल आणि मध्यावर नसते. केसभर फरक असला तरी दर फेऱ्याला ती पट्ट्याला एक हलका हिसका देते. सेकंदाला ४३ हिसके.

आता पट्टा. तो ताणलेल्या तारेसारखा वागतो: मोकळी लांबी जास्त तर सूर खाली, ताण जास्त तर वर, वजन जास्त तर खाली. माझ्या गाडीवर मोकळा भाग साधारण ५५ सेंटिमीटर. उभ्या गाडीवर सूर ६५. पण गाडी चालते तेव्हा वरचा आणि खालचा भाग सारखे राहत नाहीत. पुढची पुली वरून पट्टा ओढते, वरचा भाग आवळतो, खालचा ढिला पडतो. वेग वाढला की हवेचा विरोध वाढतो, ओढ वाढते, खालचा भाग आणखी ढिला. म्हणजे वेग वाढताना खालच्या भागाचा सूर उतरत जातो आणि पुलीचे हिसके चढत जातात. पट्ट्याचं वजन आणि शंभरच्या वेगाला लागणारी ताकद धरून अंदाज केला, तर खालच्या भागाचा सूर चाळिशीच्या आसपास येतो. उतरणारी रेघ आणि चढणारी रेघ एकमेकींना कापतात ती जागा शंभर ते एकशेदहाच्या मध्ये.

झोपाळा त्याच्या तालावर ढकलला की चढत जातो, तसाच हा अनुनाद. थ्रॉटल सोडल्यावर का थांबतो तेही उलगडलं: ओढ गेली, खालचा भाग परत आवळला, सूर वर गेला, ताल तुटला. लांब मोकळा पट्टा असलेल्या कुठल्याही यंत्रात असा एखादा वेग असतोच. आमच्या गिरणीत मोटर सुरू करताना पट्टा एका क्षणाला फडफडायचा आणि मग शांत व्हायचा, ते आठवलं. गिरणी त्या वेगातून एका सेकंदात पार होते. हायवेवरची गाडी मात्र त्याच वेगावर तासभर चालते.

मग रोलर कुठे टेकवायचा? जुना बरोबर मध्यावर होता. मध्यावर टेकवला की ५५ चे दोन सारखे तुकडे होतात, दोघांचाही सूर दुप्पट, ८६ च्या आसपास. आणि ८६ म्हणजे ४३ ची बरोबर दुप्पट! पुलीत थोडा लंबगोलपणा असेल तर ती फेऱ्याला दोन हिसके देते, ते नेमके इथे बसतात. एक तृतीयांशावर ठेवला तर छोट्या तुकड्याचा सूर ४३ च्या तिप्पट. म्हणून २० आणि ३५ सेंटिमीटर असे बेढब तुकडे ठरवले. सूर साधारण ११८ आणि ६८. दोन्ही ४३ च्या कुठल्याच पटीत नाहीत, एकमेकांच्याही नाहीत.

१७ मे, शनिवार. नवीन रोलर, नवीन हात

गेले दोन आठवडे संध्याकाळी याच कामात. लेथचं काम इथल्या एका छोट्या मशीन शॉपमधून करून घेतलं, बाकी गॅरेजमध्ये.

रोलर ॲल्युमिनियमचा, ७६ मिमी, वर हार्ड ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवर चढवलेला कडक थर. आत दोन ६२०२, मध्ये एक नळी, म्हणजे बोल्ट आवळल्यावर दोन्ही बेअरिंगच्या आतल्या कड्या एकमेकींवर नीट दाबल्या जातात. एकाच बेअरिंगवरचा रोलर पट्ट्यासोबत डोलतो. दोनांवरचा डोलत नाही. व्यास वाढवण्याची दोन कारणं. १०५ ला पट्टा सेकंदाला सुमारे १३.३ मीटर धावतो. ६० मिमीचा रोलर त्या वेगाला मिनिटाला ४,२०० फेरे घेतो, ७६ चा सुमारे ३,३५०. दुसरं कारण मोठं: रोलर पट्ट्याला पाठीकडून, उलट्या बाजूला वाकवतो. कार्बनचे धागे ओढ प्रचंड सोसतात, पण लहान त्रिज्येत मुडपलेलं त्यांना सोसत नाही. याच कारणानं नवीन पट्टा कधी घट्ट गुंडाळून ठेवू नये.

दादाला फोटो पाठवला. त्याचा लगेच निरोप: "मधी उंचवटा ठेव. पट्टा आपसूक मधी येतोय." गिरणीच्या सपाट पट्ट्यासाठी हे अगदी खरं आहे, सपाट पट्टा पुलीच्या उंच भागावर चढून बसतो. दातेरी पट्ट्याला मात्र उंचवटा नको. त्याला रेषेत ठेवण्याचं काम पुलीची कड करते, आणि उंचवटा ठेवला तर मधल्या धाग्यांवर जास्त ओढ पडून कडेचे ढिले राहतात. फोन करून समजावलं. दादा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दातं हायत व्हय त्येला. मग बराबर हाय तुजं."

हात जुना स्प्रिंगचा होता. स्प्रिंग ढकललं की परत ढकलते, कंपनाची ताकद खात नाही. म्हणून रबराचा पीळ असलेला ताण-हात घेतला. रचना सुंदर आहे: चौकोनी नळीत ४५ अंश फिरवलेला चौकोनी दांडा, आणि चार कोपऱ्यांत दाबून बसवलेले रबराचे चार जाड दोर. दांडा फिरला की रबर चिरडतं, आणि ढकललेल्यातलं काही परत देतं, काही उष्णता करून टाकतं. कंपन मरतं ते या दुसऱ्या भागात. ना तेल, ना ग्रीस.

क्लॅम्प स्विंगआर्मवर. फ्रेमवर नाही, कारण खड्ड्यात चाक वर गेलं की पट्टा स्विंगआर्मबरोबर जातो, रोलरनंही सोबत जायला हवं. एकही नवीन भोक पाडलेलं नाही.

२४ मे, शनिवार. बसवला

रोलर पट्ट्याच्या पाठीला टेकवून वर फक्त ६ मिमी ढकलला. हाताला वाटतं की इतकं कमी कशाला, अजून दाबूया. पण डँपरनं ताण द्यायचा नसतो. ताण ॲक्सलवरून, डँपर फक्त स्पर्शाला. टिचकीचा आकडा वरच्या भागावर परत घेतला: ६६. एकानं वाढला, चालेल.

मग जी गोष्ट विसरली जाते ती: इंजिन ब्रेकिंग (थ्रॉटल सोडून इंजिननंच वेग कमी करणं) आणि रिव्हर्स. स्पायडरला रिव्हर्स गिअर आहे, आणि तेव्हा सगळं उलटं होतं. खालचा भाग आवळतो आणि रोलरला जोरात खाली मारतो. हाताला खाली जायला पुरेशी जागा नसेल तर धक्का सरळ क्लॅम्पवर. मुलीला बाजूला, चाकापासून दूर बसवून टॉर्च धरायला लावला आणि मी घरासमोरच्या उतारावर रिव्हर्समध्ये हळूहळू चढवली. "बाबा, तो पूर्ण खाली गेला, पण आपटला नाही. थोडीशी जागा आहे अजून." नंतर खडूची खूण मोजली: शिल्लक ४ मिमी.

३१ मे, शनिवार. ४८,९४० किमी

पहिली लांब चक्कर. १०५ ला फूटपेगवर पाय ठेवून वाट बघत राहिलो, ती आलीच नाही! ९० ते ११५ सगळं तपासलं. पट्ट्याचं बळ जाणवतं, थरथर नाही.

पण ८० ते ८४ मध्ये एक बारीक गुणगुण नव्यानं आली आहे. आधी कधी नव्हती. घरी येऊन कागद काढला. ८२ ला पुलीचे सेकंदाला ३३.५ फेरे, दुप्पट ६७. माझ्या ३५ सेंटिमीटरच्या तुकड्याचा सूर ६८. हे मला ४ मे लाच दिसायला हवं होतं. मी फक्त १०५ चा विचार केला, बाकीच्या वेगांचा नाही. जोर मात्र इतका कमी आहे की हातमोजे घातले तर कळत नाही.

१३ जून, शुक्रवार. पोर्ट डोव्हर

तेरा तारखेचा शुक्रवार. १९८१ पासून अशा प्रत्येक शुक्रवारी ईरी सरोवराकाठच्या या छोट्या गावात मोटरसायकलवाले जमतात. ब्रँटफर्ड, सिम्कोवरून गेलो, जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर.

तिथे रांगेत उभ्या स्पायडर बघत, वाकून प्रत्येकीच्या पट्ट्याखाली डोकावत फिरलो. बऱ्याच जणांनी डँपर लावलेत. एका वयस्कर गृहस्थांनी त्यांचा रोलर दाखवला. तो इतका दाबून बसवला होता की पट्टा तिथे स्पष्ट कोनात वाकलेला, आणि रोलरच्या कडेचं ग्रीस वितळून बाहेर आलेलं. त्यांची तक्रार अशी की दर उन्हाळ्यात बेअरिंग जातं. मी खाली बसून पट्ट्याची कड दाखवली: त्यांचाही पट्टा आतल्या कडेवर दाबून चालत होता. दादाचं "टेकू सगळ्यात शेवटी" हे वाक्य इंग्रजीत सांगितलं. त्यांनी फोनमध्ये लिहून घेतलं.

परतल्यावर दहा मिनिटांच्या आत इन्फ्रारेड थर्मामीटरनं रोलर मोजला: ४१ अंश. जुना रोलर गेल्या वर्षी अशाच प्रवासानंतर ६३ दाखवत होता, ती नोंद जुन्या वहीत सापडली.

६ जुलै, रविवार

बऱ्यापैकी घाबरवणारी गोष्ट. खडीच्या रस्त्यावरून आल्यावर रोलर आणि क्लॅम्प यांच्यामध्ये वाटाण्याएवढा खडा अडकलेला सापडला. रोलर पट्ट्याच्या पाठीकडे आहे म्हणून तो दातांत गेला नाही. दातांत गेला असता तर पट्ट्याला आरपार भोक, आणि मग घरापासून दूर गाडी ढकलायची. रोलरपुढे जाड रबराचा छोटा पडदा लावला, पट्ट्यापासून ३ मिमी दूर. तेव्हापासून काही अडकलेलं नाही. क्लॅम्पच्या एका बोल्टवरची पिवळी रंगाची खूण किंचित सरकलेली होती. खोलून साफ करून निळा थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावून परत आवळला. खूण नसती तर कळलंच नसतं.

५ ऑक्टोबर, रविवार. ५४,३८० किमी

हंगामाचं शेवटचं मोठं तपासणीचं काम. टिचकी ६४. रोलरवर नख फिरवलं, खाच नाही. ॲनोडायझिंगचा रंग मधल्या पट्टीत किंचित फिका. बेअरिंग दोन्ही मुके, म्हणजे हवे तसे. रबराच्या हातानं थोडी बैठक घेतलीय, ६ मिमीचे ४.५ झाले होते. परत ६ केले. पट्ट्याच्या कडेची चकाकी गेली आणि काळी पूडही नाही. मागचं चाक बादली आणि ब्रशनं धुतलं.

८२ ची गुणगुण मनातून जात नाही. क्लॅम्प सव्वा सेंटिमीटर पुढे सरकवला तर लांब तुकडा ३३.७ होतो आणि ती ८५ च्या वर जाते. आमच्याकडच्या गावरस्त्यांवर मी ८० नं चालवतो, तिथून दूर गेली तर बरं. पुढच्या शनिवारी, पाऊस नसला तर, सरकवून मोजणार आहे.